कुंडीतले थंडीचे पाम आणि ह्यूस्टनचा उन्हाळा

ह्यूस्टनच्या नर्सरीत पाम घ्यायला गेले की तो किती थंडी सोसतो, हेच आधी सांगितले जाते. २०२१ च्या फेब्रुवारीत येथील पारा उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला आणि असंख्य अंगणांतले क्वीन पाम मेले, त्यामुळे हा निकष स्वाभाविकच आहे. माझे घर भाड्याचे असून जमीन चिकट काळ्या मातीची आहे, म्हणून मी थंडी सोसणारे पाम कुंड्यांत वाढवतो; आणि कुंडीत त्यांचा जीव जाण्याची भीती मला जानेवारीपेक्षा ऑगस्टमध्ये अधिक वाटते.

दिवसाचे ३५ अंश त्यांना चालतात, खरी अडचण रात्रीची आहे. पारा २४-२५ च्या फारसा खाली उतरत नाही, दमट हवेमुळे कुंडीतली ओल हटत नाही, आणि उष्णतेने मुळांना प्राणवायू जास्त लागत असताना नेमका त्याच वेळी चिंब मातीत तो कमी पडतो. चुसान पाम मूळचा चीनच्या डोंगराळ भागातला. उन्हाळी पाऊस त्याच्या ओळखीचा आहे, पण तेथे रात्री गार असतात. भूमध्य समुद्राकाठच्या कॅमेरॉप्स या पामला पाऊस हिवाळ्यात हवा असतो आणि उन्हाळा कोरडा, म्हणून त्याची कुंडी मी जूनपासून पागोळ्यांच्या आत, पण उन्हात ठेवतो. नीडल पाम मात्र अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या ओलसर जंगलांतलाच असल्याने त्याला या हवामानाचे काहीच वाटत नाही.

काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी हाताला चटका देते आणि त्या बाजूची मुळे अक्षरशः शिजतात. मातीची कुंडी माठासारखी गार राहील, ही अपेक्षा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ठीक आहे. येथे बाष्पीभवनच मंद असल्याने तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून मी प्रत्येक कुंडी एका मोठ्या पांढऱ्या कुंडीत, मध्ये हवेची जागा सोडून बसवली आणि चुसान पाम पूर्वेच्या भिंतीकडे हलवला, जेथे दुपारनंतर सावली येते.

सर्वांत जास्त फरक मात्र कुंडीत भरायच्या मिश्रणाने पडला. नर्सरीतून रोप ज्या पीटच्या (दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या) मिश्रणात येते, ते या उष्णतेत लवकर कुजून दाट होते. कुंडी उपडी करून पाहिली तर तळाशी काळपट, आंबूस वासाचा थर आणि त्यात साल सुटलेली मुळे आढळतात. त्याऐवजी मी पाइनच्या सालीचे तुकडे, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि सच्छिद्र लाव्हा खडी वापरतो. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो, हा समज चुकीचा आहे, कारण पाणी खड्यांच्या वर, मिश्रणातच अडून राहते. उंच कुंडीत मात्र त्या ओल्या थराच्या वर मुळांना कोरडी जागा मिळते. कुंडी बदलण्याचे काम मी मे महिन्यात करतो, कारण पामची मुळे उबदार मातीतच जोमाने फुटतात. पाणी सकाळी आणि फक्त मिश्रणावर द्यावे, शेंड्यावर नको. अर्थात संध्याकाळची वादळी सर हा नियम पाळत नाही.

अशाच पावसाळी आठवड्यांनंतर चुसान पामची मधली सुरळी, म्हणजे न उघडलेले कोवळे पान, हलकेच ओढताच हातात आली. तिचे बूड तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वासाचे होते. कोकणातले बागायतदार माडाच्या ज्या कोंब कुजण्यावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वापरतात, त्याचाच हा भाऊबंद असावा. मी पोकळीत ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, ती कोरडी होऊ दिली, मग लेबलवरील प्रमाणात ताम्रयुक्त बुरशीनाशक दिले आणि कुंडी छपराखाली नेली. पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते खरे, पण माझ्या मते कोरडेपणानेच अधिक काम केले. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा शेंडा एकच असतो. तो वाचला आहे की नाही हे कळायला शरद ऋतू उजाडला, तेव्हा टोके कापल्यासारखे दिसणारे एक अर्धवट पान वर सरकले.

खताचे आवरणयुक्त दाणे उष्णतेत आतले खत वेगाने सोडतात, म्हणून एकदम न घालता ते थोडे थोडे, वसंतापासून सप्टेंबरपर्यंत देतो. जुनी पिवळी पाने मात्र छाटत नाही, कारण पोटॅशियम कमी पडले की पाम ते त्यांतूनच काढून नव्या पानांना पुरवतो.