भाऊबीज आणि भिजकी वही

ताईला भाऊबीजेला काय द्यायचं हा दरवर्षीचा घोळ, कारण ती कवितावाली. साडी दिली की "छान आहे रे" म्हणते आणि ती साडी जाते कपाटात, पुस्तक द्यावं तर ते तिच्याकडे असतंच. कुसुमाग्रजांची विशाखा तर तीन आहेत, एक वक्तृत्वात मिळालेली, एक लग्नात आलेली आणि एक कुणाचीतरी परत न केलेली (बहुतेक माझीच).

तरी यंदा गेलोच अप्पा बळवंत चौकात. बाहेर दिवाळी अंकांचे ढीग, आत काउंटरवरचा माणूस सवयीने विचारतो, "कितवी?" कविता म्हणल्यावर त्याने मागच्या रॅककडे नुसतं बोट केलं, सगळ्यात खालचा कप्पा, म्हणजे सरळ फरशीवर मांडी घालून बसायचं. आपल्याला चालतं, अर्धा संग्रह तिथेच फुकटात वाचून होतो.

अडचण वेगळीच असते, हे संग्रह असतात बारीक, रॅप केले की लग्नपत्रिका वाटतात, मग आपल्यालाच ओशाळं होऊन आपण वर काजूकतलीचा बॉक्स ठेवतो आणि घरोघरी आधी बॉक्सच उघडतो.

बहिणाबाईंची गाणी हातात घेतली. हे पुस्तक आलं १९५२ ला आणि त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात, म्हणजे त्यांनी स्वतः पाहिलंच नाही, हे आठवलं की दरवेळी चुटपुट लागते. पण ताईला ती सगळी गाणी तोंडपाठ, ठेवली परत.

आणि मग दिसली अरुण कोलटकरांची भिजकी वही. चांगली जाडजूड! हिला २००५ चा साहित्य अकादमी मिळाला, तेव्हा कोलटकर जाऊन वर्ष झालं होतं. गिफ्ट म्हणून हातात धरायला एकदम भारदस्त, फक्त आत पानोपानी रडणाऱ्या बायका, पुराणातल्या, इतिहासातल्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या. आई म्हणाली, "सणासुदीला बहिणीला हे देतात का?" मी दिलं.

ताईने ताटात ठेवायच्या आधी हातात तोलून बघितलं, "ओवाळणी जड आहे रे यंदा."

रात्री साडेबाराला तिची व्हॉइस नोट आली, सहा मिनिटांची. थँक्यू नाही काही नाही, नुसती कविता वाचलीय. मध्ये एकदा नाक ओढल्याचा आवाज आहे. सर्दी असेल.