सातवा रकाना

“गेल्या आठवड्यातला तिचा चांगला दिवस कोणता?” असे डॉक्टरांनी विचारले आणि मला एकही दिवस चटकन सांगता आला नाही.

माझ्या मांजरीचे, मनीचे, क्रिॲटिनिन (मूत्रपिंडे कशी चालताहेत हे सांगणारा रक्तातला आकडा) किती, वजन किती, सलाइन किती मिली गेले, हे सारे मला तोंडपाठ आहे. पण तिचा दिवस कसा गेला, हे त्या आकड्यांत कुठेच नसते.

त्यांनी एक कागद पुढे केला. पशुवैद्यक कर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी तयार केलेली ती मोजपट्टी होती: वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि सातव्या रकान्यात, वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण द्यायचे आणि बेरीज 35 च्या वर गेली तर जगणे समाधानकारक मानायचे.

स्वच्छतेपाशी माझा हात थांबला. तिच्या कमरेजवळच्या केसांच्या गुठळ्या मी रोज विंचरून सोडवत होते, पण तिने स्वतः पाठ चाटणे कधी बंद केले, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मांजर दुखणे लपवते हे ठाऊक असूनही, खिडकीवर ती स्टुलाच्या आधाराने दोन टप्प्यांत चढू लागली तेव्हा मी ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले.

बेरीज 41 झाली. हायसे वाटले, आणि लगेच शंकाही आली: यातले किती गुण तिचे आणि किती माझ्या आशेचे?

आता रोज रात्री कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिंब आणि वाईट दिवसाला फुली करायची आहे. आज टिंब दिले, कारण संध्याकाळी तिने पंजा चाटून कानावरून फिरवला. एकदाच.