मामांचा प्लांट हा नव्हे

रविवार, रात्रीचे साडेदहा. पाय जाम दुखतायत, पण उद्या लिहू म्हटलं की ते राहतंच, म्हणून आत्ताच.

मामांना घेऊन बडोद्यातल्या अलेंबिकला (मामांची औषधांची कंपनी) जाऊन आले. म्हणजे कंपनीत नाही हं, तिथली 1907 सालची जुनी फॅक्टरी आहे ना, जिथे आता आर्ट डिस्ट्रिक्ट केलंय, आर्टिस्ट लोकांचे स्टुडिओ, प्रदर्शनं वगैरे, तिथे. गेले चार महिने मी मामांना म्हणतेय चला चला आणि ते म्हणतायत मला काय चित्रातलं कळतं. शेवटी मामीच म्हणाली, जा रे बाबा, रविवारी नुसता छापुं वाचत बसतोस तेवढा तरी उठशील. (आमच्याकडे पेपरला छापुंच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.)

दांडिया बाजारातून रिक्षा केली. गेंडा सर्कल गेल्यावर रिक्षावाल्याने मागे वळून मामांकडे बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं, "दादा, हॉस्पिटल जवानुं ने?" कारण त्या बाजूला म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं म्हणजे भाईलाल अमीन हॉस्पिटलच, दुसरं काय असणार. मामा म्हणाले, "ना भाई, नोकरी पर." आणि स्वतःच खूप वेळ हसत बसले.

आता मी काय डोक्यात घेऊन गेले होते ते खरं खरं लिहिते, रोजनिशीत खोटं कशाला. मला वाटलेलं की मामा आत शिरतील, भिंतीला हात लावतील, डोळे भरून येतील, मी एक फोटो काढीन आणि घरच्या ग्रुपवर टाकीन. सदतीस वर्षं नोकरी, पेनिसिलिनला, फर्स्ट सेकंड नाईट तिन्ही शिफ्ट. लहानपणी आम्ही भावंडं सुट्टीत मामांकडे यायचो तेव्हा फॅक्टरी म्हणजे फक्त गेट. गेटपर्यंत डबा द्यायला जायचं, तिथून मामा आत जाणार आणि आत काय आहे ते आपल्याला कधीच दिसणार नाही. आणि आता त्याच कंपनीची एक बिल्डिंग कोणालाही उघडी, म्हणजे मी केवढी एक्साइट होते.

मामा आत आले, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "हा माझा प्लांट नव्हे."

झालं. फोटो राहिला.

"हे जुनं. माझ्या आधीचं. मी पेनिसिलिनचा, आमचं वेगळं." पेनिसिलिन प्लांट 1961 चा, लालबहादूर शास्त्रींच्या हातून उद्घाटन झालेला, हे मामा नेहमी सांगतात, त्यांची नोकरी 69 ला लागली तरी जणू रिबिनीचं दुसरं टोक यांनीच धरलं होतं अशा थाटात. आणि ही बिल्डिंग त्याच्याही चोपन्न वर्षं आधीची, अर्क न् अल्कोहोलच्या काळातली. अलेंबिक म्हणजेच अर्क उतरवायचं भांडं, अरबीतून आलेला शब्द. इतकी वर्षं मला ते नुसतं कंपनीचं नाव वाटायचं, कफ सिरपच्या बाटलीवरचं.

पण भिंती बघण्यासारख्या आहेत. प्लास्टर काढून विटा उघड्या ठेवल्यात, जिथे डाग आहेत तिथे डाग, उगाच रंगबिंग फासून नवं केलेलं नाही. आर्किटेक्ट करण ग्रोव्हर, तेच ते, चांपानेरला 2004 मध्ये वर्ल्ड हेरिटेज मिळावं म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं डोकं लावलं. मला आवडलं. मुंबईत गिरण्यांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत, चिमणी तेवढी उभी आणि खाली मॉल, मला ते बघून दर वेळी पोटात कसंतरी होतं. इथे निदान छत तेच आहे, उंची तीच आहे. मध्यंतरी मुलगा कामासाठी तैपेईला गेला होता, त्याने हुआशान म्हणून एका ठिकाणचे फोटो पाठवलेले, 1914 ची दारूची फॅक्टरी, 1987 ला बंद पडली, मग दहा वर्षांनी नाटकवाले घुसले आणि आता तिथे सगळं कलेचंच चालतं. तिथे दारू, इथे अर्क. मामांना सांगितलं तर म्हणाले, "डिस्टिलरीचं छप्पर उंचच लागतं, वाफ वर जायला. चित्रवाल्यांना उजेड मिळतो, आयतं." हे मला खरंच सुचलं नव्हतं.

मग ते फरशीवर अडकले. दहा मिनिटं. चित्राकडे पाठ, मान खाली. उतार कुठून कुठे, मोरी कुठे असणार, धुतलेलं पाणी कुठून गेलं असेल. माझ्यामागे एक कॉलेजची पोरं आलेली, ती पण खाली बघायला लागली, त्यांना वाटलं फरशीवर काहीतरी इन्स्टॉलेशन आहे.

मी मात्र मनात वेगळाच हिशोब करत होते. ही कंपनी काढली कोणी, तर गज्जर मास्तर आणि त्यांचे विद्यार्थी, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन. अमीनांचं नाव हॉस्पिटलवर आहे, सगळ्यांना पाठ. गज्जर म्हणजे ते त्रिभुवनदास गज्जर, सयाजीरावांच्या काळात 1890 ला कलाभवन सुरू झालं त्यात ज्यांचा सगळ्यात मोठा हात. आपल्या लोकांना ते वेगळ्याच कारणाने माहीत असायला हवेत. 1896 मध्ये चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते कोणाच्या बापाला निघेना, ते काढलं या गज्जरांनी, केमिस्ट्री लावून. म्हणजे डांबर फासणारे आपले आणि काढणारे आपल्या गावच्या कॉलेजात शिकवलेले, आता कोणाच्या बाजूने व्हायचं सांगा. आणि कोटिभास्कर? मराठी माणूस, कंपनीच्या मुळाशी, आणि आमच्या दांडिया बाजारात चार घरी विचारलं तर तीन घरी माहीत नाही. चौथ्या घरी मामा राहतात.

आणि कलाभवनात शिकवायचे काय तर रंगकाम आणि यंत्रकाम एकाच आवारात. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पुढे 1950 ला फाइन आर्ट्सचं कॉलेज सुरू झालं, इंदूरचे चित्रकार बेंद्रे येऊन पेंटिंग शिकवायला लागले. भूपेन खख्खर तर चार्टर्ड अकाउंटंट, कारखान्याचे हिशोब बघायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं. तेव्हा फॅक्टरीत आर्टिस्ट आले म्हणून बाहेरच्यांना अप्रूप वाटत असेल, बडोद्यात ही दोन घरं पहिल्यापासून भिंतीला भिंत लागूनच आहेत.

असो. खरी गंमत पुढे झाली.

एका स्टुडिओचं दार उघडं होतं, आत एक मुलगी काम करत होती, केरळची, फाइन आर्ट्सला शिकायला आली आणि इथेच राहिली. टर्पेंटाइनचा वास. मामा दारातच थांबले आणि नाक वर करून वास घेतला, अगदी मांजरासारखा, आणि तिला म्हणाले, "खालची खिडकी उघडी ठेव. नुसती वरची उघडून उपयोग नाही." हिंदीत, म्हणजे मामांच्या हिंदीत. मला लाजल्यासारखं झालं, पण ती खरंच उठली आणि उघडायला गेली. मग तिने विचारलं, अंकल आप यहाँ काम करते थे? मामा म्हणाले यहाँ नहीं, दूसरे प्लांट में, यहाँ का मुझे कुछ मालूम नहीं. आणि मग काही मालूम नसलेला माणूस अर्धा तास बोलला.

मी सदतीस वर्षांत जे ऐकलं नाही ते त्या अर्ध्या तासात ऐकलं. बुरशी वाढवायची म्हणजे काय, मोठ्या बंद टाकीत, आत सतत हवा सोडायची पण ती हवासुद्धा जंतूविना, तापमान पंचवीसच्या आसपास, आणि बॅच आठवडाभर चालणार. फेस वर आला की अँटीफोम टाकायचं, नाहीतर सगळं उतू जातं, दुधासारखं. आणि एकदा कंटॅमिनेशन झालं, बाहेरचा एक जंतू शिरला, की सगळी बॅच गटारात. ते टेन्शन असं असायचं की नाईटला खुर्चीत पाठ टेकत नव्हते. मग गाळायचं, अ‍ॅसिड घालून ब्युटाइल अ‍ॅसिटेट नावाच्या द्रावकात उतरवायचं, तेही थंडगार ठेवून आणि झटपट, कारण अ‍ॅसिडात पेनिसिलिन टिकत नाही.

ब्युटाइल अ‍ॅसिटेट ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी उघडलं. मामा ड्युटीवरून आले की त्यांच्या शर्टाला पिकलेल्या केळ्यासारखा वास यायचा! आम्हाला वाटायचं मामा येताना केळी आणतात आणि वाटेत खातात. आणि दहावीत मी पहिल्यांदा नेलपॉलिश लावलं तेव्हा मामी ओरडली होती, "अगं बाई, प्लांट घरी आणलास का!" आम्ही नुसतं हसलो होतो. नेलपॉलिशमध्ये तेच असतं, आज कळलं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.

ती मुलगी वहीत टाकी काढत होती, मामा सांगतील तशी. आधी गोल, मग मध्ये दांडा, पंख, खालून हवेची नळी. छान काढलं. मामा काही बोलले नाहीत, मान डोलावली. चित्रं मी शेवटी एकटीनेच बघितली, घाईघाईत, दोन आवडली, एक अजिबात कळलं नाही.

बाहेर आल्यावर चहा प्यायलो, लारीवर, उभ्याने. मामा गप्प. मला वाटलं आता येतंय डोळ्यात पाणी. रिक्षात पण गप्प.

घरी मामीने पाणी दिलं, यॅराच्या ग्लासात, तेही अलेंबिकचेच ग्लास, लग्नात आलेल्या बारातले दोन उरलेत. विचारलं, काय बघितलंस? मामा म्हणाले, "फरशी चांगली आहे. उतार बरोबर आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "तिने बॅफल्स काढले नाहीत."

मी म्हटलं काय?

"टाकीला आतून चार पट्ट्या असतात उभ्या. त्या नसल्या तर सगळं नुसतं गोल गोल फिरतं, मिसळत नाही. मी सांगायचं विसरलो." कॅलेंडरचं मागचं पान मागितलं, पेन मागितलं, चष्मा बदलला. मी निघाले तेव्हा पट्टी लावून काढत बसले होते, आणि पुढच्या रविवारी किती वाजता उघडतं ते विचारत होते.