बुडी मारणारे समुद्रपक्षी: जसं खाणं, तसं अंगमान

एम्परर पेंग्विन ५०० मीटरहून खोल बुडी मारतो. जेमतेम किलोभराचा लिटल पेंग्विन मात्र बहुतेक वेळा उथळ पाण्यातच शिकार उरकतो. हा खेळ प्राणवायूच्या जमाखर्चाचा. रक्तातला आणि स्नायूंतला साठा साधारण वजनाच्या प्रमाणात वाढतो. खर्च वाढतो वजनाच्या ०.७५ घातानं. म्हणजे वजन सोळापट, साठा सोळापट, पण खर्च आठपटच. दम दुप्पट पुरतो. शिवाय मोठं अंग थंड पाण्यात लवकर गारठत नाही.

मग सगळेच थोराड का नाहीत? कारण उडायचंही असतं. जाड चोचीचा ‘मर’ (murre) हा समुद्रपक्षी एक किलोच्या आसपास. ज्या आखूड पंखांनी तो पाणी कापतो, त्यांनीच हवेत सतत फडफडत राहतो, आणि उडताना त्याची ऊर्जा विश्रांतीच्या जवळपास तीसपट जळते. याहून फार जड व्हायचं तर उडणं सोडावं लागतं. आता नामशेष झालेल्या, पाचेक किलोच्या ग्रेट ऑक या पक्ष्यानं ते सोडलं होतं.

दुसऱ्या टोकाला दीडेकशे ग्रॅमचा लिटल ऑक. त्याचं खाणं म्हणजे काही मिलिमीटरचे कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे कवचधारी जीव), दिवसाला हजारोंनी. देवमाशासारखी गाळणी चोचीत नाही, त्यामुळे असल्या कणाकणावर मोठ्या पक्ष्याचं पोट भरायचं कसं?

गॅनेटचं तंत्रच निराळं. तीन किलोचा हा पक्षी ३० मीटरवरूनही पंख मागे ओढून सूर मारतो; वजनच त्याला खाली नेतं. आपटण्याचा मार झेलायला कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, पण तीच हवा त्याला लगेच वर ढकलते.