मथळ्यात कोणाचं नाव, कोणाचं गाव

वृत्तपत्राच्या ठाण्याच्या पानावर मथळ्यात नुसतं 'शिंदे' लिहिलं तरी भागतं. नवी मुंबईच्या पानावर नुसतं 'नाईक' लिहून भागत नाही. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत ऐरोलीत गणेश नाईक भाजपचे उमेदवार होते आणि शेजारच्या बेलापुरात त्यांचे चिरंजीव संदीप नाईक शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. 'नाईक आघाडीवर' म्हणजे नक्की कोण? इथे मतदारसंघ तरी हवा, नाहीतर पहिलं नाव. कॉलमात मावत नसेल तर क्रियापद उडवा. म्हात्रे, पाटील, भोईर यांचंही तेच.

संस्थांची नावं मात्र उगाचच गळतात. 'ठाण्यात उद्या पाणी नाही' हा मथळा अर्ध्या शहराला विनाकारण बादल्या भरायला लावतो. ठाण्याला पाणी येतं ते महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार वाटांनी. दुरुस्ती एमआयडीसीची असेल तर 'कळवा, मुंब्रा, दिव्यात पाणी बंद' असं लिहावं आणि एमआयडीसी हे नाव उपमथळ्यात घ्यावं.

अपघातात गेलेल्या सामान्य माणसाचं नाव मथळ्यात सहसा नसतं, कारण वाचक ते ओळखत नाही. तिथे 'घोडबंदर' किंवा 'पामबीच' हे रस्त्याचं नावच वाचकाला थांबवतं.

खरी गोची लैंगिक अत्याचाराच्या बातमीत होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा मजकूर छापला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आणखी कडक आहे: पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, यातलं काहीच देता येत नाही. डेस्कवर 'नाव नाही ना, मग झालं' असं म्हणून पान सोडतात, आणि मथळ्यात 'नेरूळच्या अमुक सेक्टरमधील' असं राहून जातं. 'घोडबंदर परिसरात' म्हटल्यावर निदान अनेक किलोमीटरचा पट्टा डोळ्यांपुढे येतो. नवी मुंबईत सेक्टर सांगितला की मोजक्याच सोसायट्या उरतात. त्यात वय आणि इयत्ता घातली की शेजाऱ्यांना आणखी काही सांगावं लागत नाही.

आरोपी बाप, काका किंवा शिकवणीचा मास्तर असेल तर त्याचंही नाव गाळावं लागतं. नातं छापलं तर नाव नको, नाव छापलं तर नातं नको. यातही एक फट राहतेच: एका दैनिकाने नातं दिलं आणि दुसऱ्याने नाव, की दोन्ही वाचणाऱ्याला कोडं सुटतं. म्हणून नातं सांगणं अगदीच गरजेचं नसेल तर तेही टाळलेलं बरं. पीडितेचा मृत्यू झाला म्हणून नाव मोकळं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरीही श्रद्धांजलीच्या बातम्यांत ते सर्रास दिसतं.

वेबसाइटवर आणखी एक भानगड. मथळा बदलला तरी लिंक बहुधा जुनीच राहते, आणि ती पहिल्या मथळ्यावरून बनलेली असते. म्हणजे वर 'तरुणी', खाली लिंकमध्ये नाव. टॅग, फोटोओळ, फोटोच्या फाइलचं नाव, सगळीकडे तेच. प्रकाशित करण्याआधी या जागा मथळ्याबरोबर एकदम वाचाव्यात. एकदा गेलेलं नोटिफिकेशन आणि व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक नंतरच्या दुरुस्तीने बदलत नाही.