लाईनी दोन, कॉम्प्युटर एक

गोडोलीत माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं काम चालतं. ऐन लग्नसराईत रस्ता खोदताना फायबर तुटली. तीन दिवस नेट नाही, आणि मुलीचे वडील लग्नाच्या फिल्मसाठी रोज फोन करतायत. त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीची लाईन घेतली. पहिली १०० एमबीपीएस, ही ५०. दोन्ही वायरी एकाच कॉम्प्युटरला लावल्या की १५० मिळतील, असा माझा हिशोब.

नेटची वायर लावायचा लॅन पोर्ट एकच होता, म्हणून यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर आणला. दुसरी वायर जोडली आणि असलेलं नेटही अडखळायला लागलं. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१! कॉम्प्युटरनं जायचं कुठल्या दारानं? दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.२.१ केला, तेव्हा दोन्ही लाईनी सुरळीत झाल्या. स्पीड मात्र १००च. दोन वाटा असल्या तरी विंडोज कमी मेट्रिकची (मेट्रिक म्हणजे वाटेचा पसंतीक्रम, आकडा कमी तितकी पसंती जास्त) वाट धरतं आणि दुसरी नुसती राखून ठेवतं. कुणीतरी ब्रिज करायला, म्हणजे विंडोजमध्ये दोन्ही जोडण्या एकत्र बांधायला, सांगितलं होतं. त्यानं दोन नेटवर्क एकमेकांत मिसळतात, स्पीडची बेरीज होत नाही.

निदान एक गेली तर दुसरी चालेल ना, म्हणून पहिल्या राउटरमधून फायबरचं हिरवं टोक उपसलं. लाल दिवा लुकलुकायला लागला, अपलोड जागच्या जागी थांबलं. पाच मिनिटं वाट पाहिली, काही नाही. राउटर ते कॉम्प्युटर ही वायर शाबूत, तिचा दिवा चालू. बाहेर नेट मेलंय हे विंडोजला फार तर कळतं, पण तेवढ्यावरून ते वाट बदलत नाही. ते मेलेल्या लाईनीवरच पाठवत राहिलं. मला खरी भीती याचीच होती.

शेवटी दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या दोन लाईनी लावता येतील असा, राउटर घेतला. दोन्ही लाईनी त्यात, त्यातून एक वायर कॉम्प्युटरला. तो दर थोड्या वेळानं बाहेर पिंग करून (छोटा निरोप पाठवून) बघतो, उत्तर आलं नाही की लाईन बदलतो. दोन फाईली एकदम पाठवल्या तर एक इकडून, एक तिकडून जाऊ शकते. एकच ४० जीबीची फाईल एका जोडणीतून जाते, ती एकाच लाईनीवरून. १०० एमबीपीएसला पाऊण-एक तास लागतोच. खरी बेरीज हवी तर स्पीडिफायसारखी सेवा लागते. तिथे मधला सर्व्हर दोन्हीकडचे तुकडे जोडून पुढे पाठवतो. दर महिन्याला तेवढे पैसे घालावेत असं माझं काम नाही.

एक त्रास झाला. बँकेची साइट मधेच लॉगआउट करायची, कारण तिला एकाच वेळी दोन आयपी पत्ते (प्रत्येक लाईनीचा नेटवरचा वेगळा पत्ता) दिसायचे. बँकेपुरती एकच लाईन ठरवून दिली, तेव्हा थांबलं.

परवा रात्री पुन्हा लाल दिवा लागला. अपलोड क्षणभर अडकलं, मग दुसऱ्या लाईनीवरून जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे निघालं. आतून बायकोनं विचारलं, "अहो, नेट गेलं का?" म्हटलं, "एक गेलंय, दुसरं आहे." साडेअकराला मुलीच्या वडिलांना लिंक पाठवली.