तुम्ही विचारलंत म्हणून : घरच्या बोर्डाचा आकार कसा ठरवायचा?

“पहिलाच सर्फबोर्ड घरी करतोय, डिझाइन कोणतं घेऊ?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदा सविस्तरच लिहून ठेवते. प्रश्नासोबत बहुतेक वेळा एक फोटो येतो. कुणा नावाजलेल्या सर्फरच्या काखेतला पातळ, टोकदार, देखणा बोर्ड, आणि खाली ओळ : ‘असा जमेल का?’

जमेल. पण तो बोर्ड ज्या पाण्यासाठी केलाय, ते पाणी तुमच्याकडे आहे का, हे फोटोत दिसत नाही.

माझ्या पहिल्या बोर्डाचं सांगते. मी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत राहते आणि मला जवळचा किनारा टूरमलीन. तिथली लाट मऊ, सावकाश फुटणारी. पाण्यात बघाल तर बहुतेकांकडे नऊ-नऊ फुटी लाँगबोर्ड. मी मात्र ५ फूट १० इंच लांब, साडेअठरा इंच रुंद, सव्वादोन इंच जाड असा तीन फिनांचा, म्हणजे तळाला शेपटीजवळ तीन कल्ले असलेला बोर्ड केला, नाकाला भरपूर बाक देऊन. घनफळ जेमतेम २६ लिटर, म्हणजे तरंगायला तेवढाच आधार. माझं वजन ६२ किलो. दोन महिने मी हात मारत राहिले आणि लाटा माझ्या खालून निघून जात राहिल्या. शेवटी शेजारच्या पंधरा वर्षांच्या मुलाला तो देऊन टाकला. त्याने तो ब्लॅक्स नावाच्या इथल्याच दुसऱ्या किनाऱ्यावर नेला. ब्लॅक्सच्या समोर समुद्रतळात खोल घळ आहे, तिच्यामुळे लाटेचा जोर एकवटतो आणि लाट उभी राहून फुटते. त्या लाटेवर तोच बोर्ड असा काही वळत होता, की मी स्वतः पाण्यात जायचं विसरून वाळूवर उभी राहिले. बोर्डात खोट नव्हती. मी तो दुसऱ्याच लाटेचा केला होता.

हवाईच्या लोकांना हे फार पूर्वीपासून कळलेलं होतं. त्यांचा ‘ओलो’ चौदा-पंधरा फूट आणि त्याहूनही लांब, जाड, मानकऱ्यांचा. न फुटता हळूहळू सरकत येणाऱ्या लाटेवर चालणारा. तो विलीविलीच्या लाकडाचा असे. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं झाड, लाकूडही तसंच हलकं. उभ्या, कोसळत्या लाटेसाठी मात्र ‘अलाइया’ : आखूड, पातळ फळी, कोआच्या किंवा उलूच्या लाकडाची. उलू म्हणजे आपला नीरफणस. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. परसातली झाडं इतक्या लांब समुद्रावर भेटली!

तर, आधी लाट. तीही सुट्टीत एकदा पाहिलेली नाही. वर्षातले जास्तीत जास्त दिवस तुमच्या किनाऱ्यावर जी येते ती. मग तुमचं वजन आणि पाण्यातला सराव. त्यानंतर ब्लँक, म्हणजे ज्यातून बोर्ड कोरायचा तो फोमचा ठोकळा. आणि मगच कागद-पेन्सिल. ब्लँक आधी का, हे नीट सांगायला हवं. पॉलियुरेथेनचा ब्लँक येतो तोच बाक घेऊन. त्याचा फोम बाहेरच्या कातडीजवळ घट्ट असतो आणि आत जावं तसा मऊ होत जातो. कागदावर काढलेला बाक आणण्यासाठी तुम्ही रंधा मारत सुटलात, की तो घट्ट थर भुशात जातो आणि हातात मऊ बोर्ड उरतो; गुडघा टेकला तरी खड्डा पडेल असा. म्हणून आपल्या आकाराला सगळ्यात जवळचा ब्लँक निवडावा आणि त्याचा बाक शक्यतो तसाच राहू द्यावा.

बरेच जण म्हणतात, मग फिश करतो. फिश माझाही अतिशय लाडका आहे, आणि तो इथलाच. १९६७च्या सुमारास स्टीव्ह लिस नावाच्या इथल्या एका तरुण मुलाने गुडघ्यांवर बसून सर्फ करण्यासाठी तो काढला. आखूड, रुंद, मागे माशासारखी दुभंगलेली शेपटी आणि दोन लांबट फिन. पण पहिल्या बोर्डाला मी तो सुचवत नाही. कारण ती शेपटीची खाच. फोमवर रेझिनने चिकटवायचं काचतंतूंचं कापड त्या कोपऱ्यात गुंडाळताना कातरावं लागतं, खाली हवेचा बुडबुडा राहतो, आणि बोर्डात पाणी शिरतं ते नेमकं तिथून.

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे : एग. नावासारखाच अंड्याच्या आकाराचा, गोल नाकाचा, गोल शेपटीचा बोर्ड. माझ्या वजनाच्या माणसाला ६ फूट १० इंच लांब, २१ इंच रुंद, दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच जाड. साधारण ४० लिटर होतात. वजन जास्त असेल तर जाडी-रुंदी वाढवा. तळ सपाट ठेवा, शेपटीकडे किंचित उतार. कडा गोल आणि मऊ. कुठे कोपरा नाही, त्यामुळे कापड सरळ बसतं, आणि कडेवर थोडं कमी-जास्त घासलं गेलं तरी पाण्यात फारसं जाणवत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते आउटलाइन काढणं. हार्डबोर्डवर मधली रेघ मारून फक्त अर्धा आकार काढायचा. कापलेला तोच साचा ब्लँकवर ठेवून एक बाजू आणि पालथा घालून दुसरी बाजू आखली की दोन्ही बाजू सारख्या येतात. नाकापासून फूटभर अंतरावरची रुंदी, सगळ्यात रुंद जागा, शेपटीपासून फूटभर अंतरावरची रुंदी, एवढ्या खुणांवर खिळे ठोकून त्यांना टेकवून लाकडाची बारीक पट्टी वाकवते. पट्टी आपणहून सुरेख वळते. ती कुठे अडली तर खूण चुकलेली असते, पट्टी नाही. साचा कापून झाला की जमिनीलगत बसून, सुतार फळी पारखतो तसा एक डोळा मिटून कडेवरून बघते. मग दोन्ही डोळे मिटून कडेवर बोट फिरवते. नजरेतून सुटलेला उंचवटा बोटाला लागतो. तिथे पॉलिशपेपरचे चार हात, पुन्हा बोट. या कामात माझी अख्खी संध्याकाळ जाते आणि ती वाचवावी असं मला कधी वाटलं नाही. फोम घासताना डोक्यावरचा दिवा मालवा आणि दोन्ही भिंतींवर बोर्डाच्या उंचीला ट्यूबलाइट लावा. तिरप्या उजेडात जरासा खड्डाही सावली टाकतो.

गोव्यातून, सिंधुदुर्गातून विचारणाऱ्यांना दोन गोष्टी. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र सोडला तर तुमची लाट बहुतेक दिवस लहान आणि मऊच असते, तेव्हा एग किंवा त्याहून लांबच काहीतरी करा. दुसरं, ब्लँक म्हणून थर्माकोल वापरणार असाल तर फायबरच्या होड्यांना लावतात ते पॉलिएस्टर रेझिन त्याला लावू नका. त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. इपॉक्सीच घ्या, महाग पडलं तरी. आणि आधी त्याच थर्माकोलच्या तुकड्यावर लावून बघा.

एवढं वाचूनही मला विचारायचं असेल तर जरूर विचारा, मला आनंदच वाटेल. फक्त बोर्डाच्या फोटोऐवजी सकाळी सात वाजता तुमच्या किनाऱ्यावर उभं राहून काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, आणि तुमचं वजन.